'टिपिकल'ला मराठीत नेमकं काय म्हणाल?

तांबटआळी
मंडळी, एक काम हौसेनं अंगावर घेतलंय आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडली आहे. जुन्या नाशकातले जे वाडे अजून उभे आहेत त्यांची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका आम्ही काही जण करतोय. भद्रकाली, तिवंधा, सराफ बाजार, घाटाकडचे बोळ, एवढाच परिसर. त्यातल्या एका वाड्याबद्दल लिहिलं, 'हा टिपिकल नाशिकचा वाडा.' काळ्या दगडाचं जोतं, बोळात उघडणारा दिंडी दरवाजा, आत चौक, भोवती ओसरी, सागवानी खांब आणि तुळया, भिंतीत कोनाडे, वर माडी. सगळं लिहून झाल्यावर ते 'टिपिकल' डोळ्यांत खुपायला लागलं.

'अस्सल' लिहावं तर शेजारचे वाडे काय नकली आहेत? 'आदर्श' लिहिलं की ग्रामपंचायतीचा पुरस्कार मिळाल्यासारखं वाटतं. 'वैशिष्ट्यपूर्ण'चा अर्थ तर उलटाच होतो. आणि 'ठराविक' लिहिलं तर मालक मला त्यांच्याच जिन्यावरून खाली सोडतील. शब्द सुचवा.

मुळामुठा
टिपिकलच ठेवा की. टेबल, बस, तिकीट हे चालतात, मग यालाच का नाट?

पदर
@मुळामुठा, परका आहे म्हणून नाट नाहीये. 'टिपिकल' म्हणताना आपण नाक मुरडतो. टिपिकल सासू, टिपिकल सरकारी कारभार, टिपिकल सीरियल. 'आमची आजी टिपिकल प्रेमळ' असं कुणी म्हणतं का? इंग्रजीतून येताना शब्द साधा होता, इथे आल्यावर खवट झाला. मालकांना वाड्याची पुस्तिका भेट द्यायची असेल तर तो शब्द नकोच.

मुळामुठा
हे मात्र पटलं. 'टिपिकल पुणेरी' ऐकून आमचे कान किटलेत.

कट्ट्यावरचा
पुणेरी म्हटल्यावर वर टिपिकल कशाला? पिवळ्याला पिवळा रंग दिल्यासारखं आहे ते. 😄

गणिताचे_सर
तांबटआळी, तुमची अडचण शब्दाची नाही. तुम्हाला काय म्हणायचंय तेच अजून ठरलेलं नाही. (रागावू नका, उत्तरपत्रिका तपासून तपासून ही सवय लागली आहे.) एका 'टिपिकल'च्या पोटात किमान चार गोष्टी असतात.

एक, बहुतेक असेच असतात. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवतो, त्यातलं बहुलक. सगळ्यांत जास्त वेळा येणारी किंमत. बाजार समितीच्या भावपत्रकात हीच गोष्ट किती साध्या शब्दात असते बघा: किमान, कमाल आणि 'सर्वसाधारण'.

दोन, याहून चांगला असूच शकत नाही. हा आदर्श. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, आणि आपला 'आरसा' त्याच शब्दातून घासत घासत आलाय. ज्यात बघून स्वतःला नीट करायचं, तो आदर्श. पदार्थविज्ञानातला 'आदर्श वायू' आठवा. त्याची सगळी सूत्रं सुंदर जमतात, फक्त असा वायू निसर्गात कुठेही सापडत नाही. तेव्हा आदर्श आणि सर्वसाधारण ही दोन टोकं आहेत आणि 'टिपिकल' दोन्हीकडे तोंड करून बसतो.

तीन, मूळचा, भेसळ नसलेला. अस्सल.

चार, एखादा गुण किंवा अवगुण ठासून भरलेला. अट्टल, पक्का, नंबरी. हा वाड्याला लागू नाही, पण भाडेकरूंना होऊ शकतो.

यातलं काय म्हणायचंय ते आधी सांगा.

कांदेनवमी
सर, सर्वसाधारण भावावर आमच्याकडून दोन शब्द. निफाडकडचा शेतकरी आहे, माल लासलगावला नेतो. समजा एका दिवशी क्विंटलला किमान ७००, कमाल २१०० आणि सर्वसाधारण १४०० भाव निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा काय? 'कांदा २१०० वर'. तो २१०० एखाद्या वक्कलाला, म्हणजे मालाच्या एका ढिगाला मिळालेला असतो. सुकवून, निवडून, एकसारख्या आकाराचा, पत्ती टिकलेला उन्हाळ कांदा. बाकी सगळी लाइन चौदाशेच्या आसपास गेलेली असते आणि गोल्टी, म्हणजे बारका कांदा, त्याच्याही खाली. पण मुंबईच्या मेव्हण्याचा फोन येतोच, 'मजा आहे बुवा तुमची यंदा.'

म्हणून तांबटआळी भो, तुमचा वाडा कमाल भावातला आहे की सर्वसाधारण भावातला, हे लिहितानाच कळलं पाहिजे. नाहीतर पुस्तिका वाचून लोकांना वाटायचं, नाशकात सगळे असेच राजेशाही राहायचे.

गणिताचे_सर
हे उदाहरण मी वर्गात वापरणार. मेव्हण्यासकट.

तांबटआळी
वाडा सर्वसाधारण भावातलाच. म्हणूनच तो घेतला. सरकारवाडा पेशवाईतला, भव्य, पण तो सत्तेचा वाडा होता. साधी माणसं कशी राहत ते त्यावरून कळत नाही. आम्ही निवडलेल्या वाड्यात कुणी सरदार राहिला नाही, कुठली लढाई ठरली नाही. एक व्यापारी कुटुंब, मागे परसात विहीर, पुढच्या खोलीत पेढी. असे शेकड्याने असतील, त्यातले आता फार थोडे उरलेत.

म्हणजे मला सरांचं 'एक' हवंय. पण थोडं 'तीन'ही हवंय, कारण या वाड्यात नंतरची पाडापाडी झालेली नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्या नाहीत, चौकावर पत्रे नाहीत.

सराफकट्टा
मग 'बावनकशी' लिहा. 😀 गंमत सोडा, पण हा शब्द आता फक्त भाषणात उरलाय म्हणून सांगतो. दुकानात कसोटीचा काळा दगड आजोबांपासून आहे. त्यावर गिऱ्हाइकाच्या दागिन्याची रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या शुद्धतेच्या सोन्याची, मग दोन्हींवर आम्ल लावून कुठली किती टिकते ते बघायचं. ती रेघ म्हणजे कस. बावन कसांचं म्हणजे सगळ्यांत चोख. आता मशीन आकडा दाखवतं आणि हॉलमार्कवर ९१६ लिहिलेलं असतं, म्हणजे ९१.६ टक्के, बावीस कॅरेट. शुद्धता मोजायची पद्धत बदलली की शब्द मागे पडतात. 'सोळा आणे खरं' हेही तसंच. रुपयात सोळा आणे होते तोवर त्याचा अर्थ 'पूर्णच्या पूर्ण' असा आपोआप कळायचा. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. आज माझा मुलगा विचारतो, सोळाच का?

कट्ट्यावरचा
मुलाला सांगा, शंभर टक्केवर सोळा टक्के सूट.

गणिताचे_सर
त्याच घरातला 'अठराविश्वे दारिद्र्य'. यावर दोन मतं ऐकली आहेत. एक म्हणजे अठरा गुणिले वीस बरोबर तीनशे साठ, वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य. दुसरं, विसवा म्हणजे विसावा भाग, तेव्हा विसातले अठरा भाग गरिबी. मला दुसरं जास्त आवडतं. उरलेल्या दोन भागांत माणूस चहा पिऊ शकतो.

काळा_कोट
सगळे 'अस्सल'ला हलकं घेताय म्हणून लिहितो. अस्सल हा अरबी 'अस्ल'वरून आलेला शब्द, अर्थ मूळ, मुळी. आणि त्याची जोडी 'नक्कल'. कचेरीत दोघे आजही एकत्र नांदतात. अस्सल दस्त आणि त्याची नक्कल. तहसीलला 'नक्कल मिळणेबाबत' अर्ज करताना कुणी लाजत नाही, कारण तिथे नक्कल म्हणजे प्रत, खोटेपणा नाही. बाहेर बाजारात आला की हाच शब्द बदनाम होतो. त्यामुळे 'अस्सल वाडा' म्हटल्यावर बाकीचे नकली ठरतात ही तांबटआळींची भीती बाजारातल्या अर्थाने खरी आहे, कचेरीतल्या अर्थाने नाही.

'नमुना'चंही तेच. सातबारा म्हणजे काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. तलाठ्याकडे नमुना म्हणजे ठरवून दिलेला तक्ता. माणसाला लावला की संपलं. 'तुमचे साडू म्हणजे एक नमुनाच' यातून साडूंबद्दल आदर वाढत नाही.

आणि सरांच्या चौथ्या गटात एक घाला: चारसोबीस. भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम ४२०. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८मध्ये गेली. पण पक्षकार अजून येऊन सांगतो, 'साहेब, तो पक्का चारसोबीस आहे.' पक्का तीनशेअठरा म्हणणारा अजून भेटायचाय.

पदर
अस्सल या शब्दाला आमच्या धंद्यात फार खस्ता खाव्या लागतात. येवल्याची पैठणी विकण्याचं काम करते. 'अस्सल पैठणी' ही पाटी नसलेलं दुकान दाखवा! मी गिऱ्हाइकाला एकच सांगते, पाटी वाचू नका, पदर उलटा करा. हातमागावर विणलेल्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवत जातात, त्यामुळे मोर पुढून जसा तसाच मागून. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. अस्सल असेल तर दाखवता यावं. दाखवता येत नसेल तर नुसतं विशेषण लावून काय उपयोग?

वाड्यालाही मी हेच म्हणेन. खांब, तुळई, कोनाडा लिहा. वाचणाऱ्याला कळेल.

मुळामुठा
मग विशेषण हवंच कशाला?

तांबटआळी
पहिलं वाक्य आहे हो. काहीतरी सांगून आत न्यावं लागतं ना.

सावानाची_पायरी
उशिरा आले. (सावाना म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४०चं. बाहेरगावच्यांसाठी.) मला वेगळंच सुचवायचंय. मराठीत हे शब्द सुटे मिळत नाहीत, नामाशी त्यांचं लग्न लागलेलं असतं. चोर अट्टल असतो, गुन्हेगार सराईत, पोहणारा पट्टीचा, पैलवान कसलेला, राजकारणी मुरलेला, विद्वान गाढा, वैद्य निष्णात, वैरी कट्टर, खोटं धादांत, शिक्षक हाडाचा. आता अदलाबदल करून बघा. अट्टल वैद्य? सराईत शिक्षक? धादांत पैलवान? म्हणून 'टिपिकल'ला एक मराठी शब्द शोधणं मुळातच अवघड. तो सगळ्यांच्या शेजारी बसतो, आपले शब्द निवडून बसतात.

मग प्रश्न असा होतो की 'वाडा' या शब्दाशेजारी कोण बसतं? मला तरी चिरेबंदी, चौसोपी, दोन चौकी, पडका एवढेच आठवतात.

अशाच शब्दांतल्या 'इरसाल'बद्दल थोडं. हाही अरबी. मूळ अर्थ पाठवणी. वसूल खजिन्यात पाठवायचा त्याला इरसाल म्हणत. खजिन्यात पाठवायची नाणी खणखणीत, निवडक हवीत, तिथून 'निवडक' आणि मग उपरोधाने 'निवडक लबाड' असा अर्थ सरकत गेला असावा, हे मला तरी पटतं. 'वल्ली'चं तर विचारूच नका. मूळचा वली म्हणजे साधुपुरुष. आज कुणाला 'वल्ली आहेस' म्हटलं तर त्याच्या साधुत्वाबद्दल कुणाचाच गैरसमज होत नाही. अर्क, नग, नमुना, वल्ली, इरसाल, एकेक चांगल्या घरचा शब्द, माणसाला चिकटला की तिरका चालायला लागतो. सौजन्याचा पुतळा हा वाक्प्रचारसुद्धा मी गेल्या काही वर्षांत फक्त टोमणा म्हणूनच ऐकलाय.

काळा_कोट
'जातिवंत' राहिला की. जातिवंत कलावंत, जातिवंत अभिनेता.

सावानाची_पायरी
मुद्दाम नाही घेतला. घोड्याला ठीक आहे. माणसाच्या गुणाला 'जातिवंत' म्हणायचं म्हणजे तो जन्मावरून आला असं सुचवणं. 'खानदानी'ही तसाच.

काळा_कोट
अहो, जात म्हणजे तिथे प्रकार, वाण. आंब्याची जात म्हणतोच ना.

सावानाची_पायरी
आंब्याला म्हणा. आंब्याला जातीवरून कुणी विहिरीपासून लांब ठेवलेलं नाही. याच गावात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३०मध्ये सत्याग्रह करावा लागला होता, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, आणि तो पुढे काही वर्षं चालला. नाशिकच्या वाड्यांवर लिहिताना तरी मी तो शब्द घेणार नाही. शब्दकोशात काय अर्थ दिलाय ते मला माहीत आहे.

काळा_कोट
बरं. यावर वाद घालत नाही. माझ्या लिखाणातूनही काढतो म्हणणार नाही, पण वापरताना तुमची आठवण येईल.

कांदेनवमी
वातावरण हलकं करतो. 'वानगी' का कुणी घेतला नाही? वानगीदाखल म्हणजे नमुना म्हणून थोडंसं. त्याच्याच पंगतीतला वानवळा. बागेतली पहिली द्राक्षं निघाली की पाहुण्यांकडे पेटी जाते, तो वानवळा. त्यात एक बारकी लबाडी असते. वानवळ्यात आम्ही सर्वसाधारण घड पाठवत नाही, निवडून सरस घड पाठवतो. पाहुणा म्हणतो, काय बाग आहे!

गणिताचे_सर
म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करायला द्यायचं आणि शीत मात्र निवडून द्यायचं! शास्त्रात याला स्थालीपुलाक न्याय म्हणतात. भातातलं एक शीत चेपलं की सगळा भात शिजला की नाही ते कळतं. पण त्यात गृहीत असं की सगळ्या भाताला आच सारखी लागली आहे. वाड्यांना लागली होती का? ब्राह्मण आळीतला, व्यापाऱ्याचा, तांबटांचा, सगळे वाडे सारखेच होते? तांबटांच्या घरात पुढे ठोकाठोकीची जागा लागणार. तांबटआळी, तुमच्या नावातच उत्तर आहे, तुम्हीच सांगा.

तांबटआळी
मुद्दा बिनतोड आहे. कारागिरांची घरं वेगळी. चौक नाहीच, किंवा असलाच तर कामाचा, आणि ओसरीवर बसायला कुणाला वेळ? त्यांच्यासाठी वेगळं पान करायला लागेल. म्हणजे 'नाशिकचा वाडा' न म्हणता 'व्यापाऱ्याचा वाडा' म्हणावं लागेल.

कट्ट्यावरचा
मला एक वेगळीच खंत आहे. पुण्याचं ते पुणेरी, कोल्हापूरचं कोल्हापुरी, सोलापूरचं सोलापुरी, नागपूरचं नागपुरी, मालवणचं मालवणी. या एका 'ई'त टिपिकल, अस्सल, आदर्श सगळं येतं. कोल्हापुरी चप्पल म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. नाशिकचं काय? 'नाशिकी' कुणी म्हणत नाही. नाशिक ढोल, नाशिकचा चिवडा, नाशिकची द्राक्षं. 'नाशिकी वाडा' म्हणता आलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

मुळामुठा
विशेषण मिळवायला आधी स्वभाव लागतो. 😇

कट्ट्यावरचा
आला! आला पुणेरी!

पदर
मुघलांनी नाशिकचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं. 'गुलशनाबादी वाडा' कसं वाटतं?

सराफकट्टा
बिर्याणीच्या हॉटेलसारखं.

कांदेनवमी
'ई' नाही तेच बरं. ती लागली की लोक तिच्याप्रमाणे वागायला लागतात. मिसळीचं बघा ना. पूर्वी मिसळ म्हणजे मिसळ होती. आता गंगापूर रोडकडे 'टिपिकल नाशिक मिसळ' म्हणून जे येतं त्यात काळा रस्सा, पापड, दही, वर जिलेबी, आणि बसायला झोपाळा. पर्यटकाला तेच टिपिकल. गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, तो म्हणेल आमच्या वेळी पापडाचं नाव नव्हतं. मग टिपिकल कुठली आणि अस्सल कुठली?

गणिताचे_सर
टिपिकल आजची, अस्सल म्हाताऱ्याची. बहुलक काळाप्रमाणे सरकतं. वाड्याच्या वाक्यात काळ घाला, तांबटआळी. 'आहे' म्हणू नका, 'असे' म्हणा.

सावानाची_पायरी
हे छान सुचवलंत. आणि मराठीत विशेषणाशिवाय हे सांगायची जुनी सोय आहेच. 'असावा तर असा', 'वाडा म्हणजे असाच', 'नाव घ्यावं तर याचं'. आपण 'टिपिकल'ला शब्द शोधत बसलो. आपल्या आज्यांनी तिथे वाक्य वापरलं असतं.

तांबटआळी
बघा हे कसं वाटतंय:

'जुन्या नाशकात बेताच्या व्यापाऱ्याचा वाडा कसा असे, ते इथे एकाच ठिकाणी सगळं पाहायला मिळतं. काळ्या दगडाच्या जोत्यावर चढून दिंडी दरवाजातून आत वाकून गेलं की समोर चौक येतो.'

पदर
'बेताच्या' काढा, मालक वाचणार आहेत.

सराफकट्टा
'बेताच्या'ऐवजी 'चालत्या पेढीच्या' करा. मालक खूश, अर्थही तोच.

गणिताचे_सर
'एकाच ठिकाणी' आणि 'सगळं', दोन्ही नकोत. 'सगळं' ठेवा.

काळा_कोट
'पाहायला मिळतं' लिहिण्याआधी मालकांची लेखी परवानगी घ्या. उद्या रविवारी सकाळी चाळीस माणसं दारात उभी राहतील आणि मग ते माझ्याकडे येतील.

तांबटआळी
तोंडी आहे, लेखी घेतो. सुचवलेले तिन्ही बदल केले, 'टिपिकल' गेलं. सगळ्यांचे आभार. पण पान तीनवर सरकारवाड्यासाठी मी 'युनिक' लिहून ठेवलंय. त्याच्यासाठी नवा धागा काढू का?

मुळामुठा
नको. 'एकमेव' लिहा आणि पुस्तिका छापायला द्या.

गणिताचे_सर
एकमेव? पेशवाईतले वाडे पुण्यात, साताऱ्यात, वाईला आहेत की. काढा नवा धागा.